बोचक्यातला खिळा

मामा, तुमचा खिळा विमानतळावरच राहिला. पाला मात्र पोचला.

हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर बाकीचं काही ऐकूनच घेतलं नसतं. प्रवास कसा झाला, जेवलीस का, असलं विचारायची तुमची रीत नव्हती. "पाल्याचं सांग आदी," म्हणाला असतात. तर तो पोचला. कसा पोचला आणि पोचल्यावर काय झालं ते सांगायला बसले आहे.

गावात सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणून राहिलेत. तुमच्या शेळ्या बांधात शिरल्या म्हणून शिव्या देणारेसुद्धा. मला ते सहन होत नाही. तुम्ही देवमाणूस नव्हता. हट्टी होता, कुचकं बोलायचा, आणि वादात हरायला आलात की शेळ्यांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठून जायचा. आपला एक वाद तुम्ही असाच अर्धा टाकून गेलात. उरलेला अर्धा मी इथं भांडणार आहे. या वेळी मध्येच उठून जाता येणार नाही.

वाद खिळ्याचा.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला ठाऊक नसेल. आमच्याकडं घरातलं अन्न शिवेबाहेर न्यायचं असलं की त्यात एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवतात. वाटेत कुणाची नजर लागू नये, काही मागं येऊ नये म्हणून. मी यावर पत्रक काढलं. 'अन्नाला नजर लागत नाही' असा मथळा, खाली अन्न कशानं नासतं याची साधी माहिती. हिंगोलीच्या बाजारात वाटलं, जवळच्या गोरेगावात जीपवाल्यांच्या हातात दिलं. उरलेला गठ्ठा तुमच्याकडं ठेवला, तर तुम्ही त्याच पत्रकात भाकरी गुंडाळायला लागलात. वर खिळा. मी चिडले तेव्हा म्हणालात, "कागद ब्येस हाय गं पुढारणी. तेल पीत न्हाई."

त्या पत्रकावरून गावातल्या चार शहाण्यांनी मला पारावर उभं करून सुनावलं होतं. तुम्ही मधे पडला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराला ते पत्रक चिकटवलेलं दिसलं. विचारलं तर म्हणालात, फट होती, वारं येत होतं. फट त्या दाराला खालून होती मामा, पत्रक वरती होतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. राहिलं.

आपली पहिली खेप आठवते. वैशूला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. तुमची एकुलती एक पोरगी, तिकडं बंगळुरात, चौथ्या मजल्यावर. फोनवर रडून म्हणाली, बापू, हरबऱ्याच्या पाल्याची भाजी खावी वाटू लागली. हंगाम कधीचा सरला होता. पण तुम्ही थंडीत पाला वाळवून ठेवलेला. कोवळा असताना खुडायचा, बाजेवर धोतर अंथरून सावलीत पसरायचा, आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून काठी घेऊन शेजारी बसायचं. बायकांचं काम करून राहिला म्हणून लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, शेळीला अन् वैशूला एकच चव कळती, दोघींपासून राखावा लागतो.

दाजींनी, वैशूच्या नवऱ्यानं, आपली दोघांची विमानाची तिकिटं काढून पाठवली. तुमचं पहिलंच विमान. जीपमधून जाताना वसमत मागं पडलं तरी तुम्ही बोचकं मांडीवरून उतरवलं नव्हतं. विमानतळावर मी सांगितलं की हे मोठ्या बॅगेत टाकू, ती लोक खालून नेतात. तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी वैशूलाच त्या पट्ट्यावर ठेवायला निघाले होते. "खाणं नजरंआड करायचं न्हाई," एवढंच बोललात. मी तुमचे खिसे तपासले. अडकित्ता काढून घेतला, चुन्याची डबी काढून घेतली. बोचकं तपासावं हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी पत्रक काढलेली बाई. माझ्या मामाच्या बोचक्यात खिळा असेल कसा?

यंत्रातून बोचकं गेलं आणि पट्टा थांबला. जवानानं गाठ सोडली. आत काय काय निघालं: हिरवा चुरलेला पाला, गांजासारखा दिसणारा. कारळाच्या चटणीची काळी भुकटी, बारुदीसारखी. कोळसा. आणि बोटाएवढा खिळा. जवान एकदा बोचक्याकडं बघायचा, एकदा तुमच्या पटक्याकडं.  तुम्ही बाजारात आल्यासारखे पुढं झालात. "चने का पाला है साब. बच्ची पेट से है मेरी, उसको कायच पचता नहीं." आणि चिमूटभर पाला स्वतःच्या तोंडात टाकून चिमूटभर त्याच्यापुढं धरला. त्यानं खाल्ला नाही. पण हुंगला, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्यानं त्याच्या मोठ्या साहेबाला बोलावलं, साहेबानं मान हलवली. पाला, चटणी, कोळसा जाऊ दिलं. खिळा नाही.

मग तुम्ही जे केलंत ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या सभेत लोक त्यावरच हसले असते. तुमचा चांदीचा करदोडा वाजला म्हणून त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत. तुम्ही डोळे मिटून उभे. खिळा गेल्यावर तुम्ही त्याच जवानाला म्हणालात, "वो डंडा इसके उप्पर से भी एक डाव फिरा देव." त्याला वाटलं तपासणीच मागतायत. त्यानं बोचक्यावरून यंत्र फिरवलं. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "झालं. माझी बी दृष्ट काढली, पाल्याची बी काढली. सरकारी हाय, उतरंल."

मी आत जाऊन बसल्यावर भांडले. हळू आवाजात, कारण शेजारी लोक होते. म्हटलं, एका खिळ्यापायी विमान चुकलं असतं, पोरगी तिकडं उपाशी.  तुम्ही म्हणालात, "भेव वाटतं म्हून टाकतो. तुझ्या पत्रकात भेवाचं काय लिवलंय?"

मी म्हटलं, भीतीला उपाय म्हणजे जवळ दवाखाना, चालू फोन, नीट रस्ता. हे नसतं म्हणून माणसं खिळ्याला धरून बसतात. तुम्ही म्हणालात, बराबर हाय, पन ते येईस्तोवर काय टाकू? आणि उठलात. तिथं शेळ्या नव्हत्या, म्हणून काचेपाशी जाऊन विमानं बघत उभे राहिलात.

नंतर मी जेव्हा जेव्हा हा विषय काढला, तेव्हा तुम्ही हसून एवढंच म्हणायचात, "बघू की पुढच्या खेपेला."

पुढची खेप आली. मी एकटी आले.

तुम्ही सकाळी शेळ्या सोडताना दारातच बसलात, आणि गोरेगावातून जीप बोलावून तुम्हाला हिंगोलीला नेताना वाटेतच संपलात. त्या रस्त्यावर मी घसा फोडलाय मामा. निवेदनं दिली, धरणं धरलं, पत्रकात तुमच्याच गावाचं नाव घातलं. गाडीत तुमचं डोकं खड्ड्या-खड्ड्यानं माझ्या मांडीवर आदळत होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून बसले होते. यावर आणखी लिहिलं तर हे पत्रक होईल. थांबते.

सावडायच्या दिवशी भावकी बसली आणि ठरलं की वैशूला कळवायचं नाही. सातवा सरला होता, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलेलं. पोटुशीला मयताची खबर देत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं. तिला सांगून टाकलं की बापूचा फोन शेळ्यांच्या हौदात पडला. ती रोज फोन करायची, तुमचा फोन बंद, आणि मामी पदराचा बोळा तोंडात धरून तिला सांगायची की बापू रानात गेलाय.

मी भांडले. म्हटलं, वैशू लेकरू नाही, तिच्या पोटात लेकरू आहे. बाप तिचा गेला आणि गावभर सगळ्यांना ठाऊक, फक्त तिलाच नाही, हा कुठला न्याय? उद्या कुणी फोनवर सहज बोलून गेलं म्हणजे? एक म्हातारा म्हणाला, पोरीचं काई बरंवाईट झालं तर तू भरून देणार हायेस का?  दाजींना सांगून मी डॉक्टरीणबाईंशीच फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, लपवून राहणार नाही, कधी ना कधी कळेल. त्यापेक्षा नीट सांगा, एकटी असताना नको, आणि सांगितलं की लगेच माझ्याकडं घेऊन या, मी थांबते. हे मी भावकीला सांगितलं. कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. माझ्याकडं बघायचं सोडून दिलं, एवढंच.

मामी एकटी बोलली. "सांग. पन उपाशीपोटी सांगू नको. ऐकल्यावर ती घास घेणार न्हाई. आदी खाऊ दे."

पण वैशू खातच नव्हती. मीठ कमी करायला सांगितलं होतं, आणि अळणी तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पाला मुळातच आंबट, त्याला मीठ लागत नाही फार. सुतकाच्या घरातून अन्न बाहेर धाडत नाहीत हे मामीला काय मी सांगावं? तिनं उतरंडीतून पाल्याचं शेवटचं गाडगं काढलं. तुम्ही वाळवलेला, तुमच्या हातानं चुरलेला. म्हणाली, ह्यो रांधलेला न्हाई, आन् त्यांच्या हातचा हाय, सुतक कशाचं? शेजारणीनं दिलेली चटणी ठेवली, कोळसा ठेवला. मग देवळीतून खिळा आणला. मी बघत उभी होते. ती म्हणाली, "ते नेहमी टाकायचे."

मी नको म्हणाले नाही. विमानतळावर तो काढून घेणार हे मला चांगलं ठाऊक होतं. पण एकच विचार डोक्यात: वैशू गाठ सोडल्यावर खिळा शोधणार. नसला तर विचारणार. आणि मी मामीला कबूल केलं होतं की आधी खाऊ घालीन, पण स्वतःशी असंही ठरवलं होतं की तिनं समोरून विचारलं तर खोटं बोलणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बोचक्यात बांधून मी निघाले.

रांगेत उभी राहिले. मोर्च्यात पुढं चालणारी मी, फौजदाराशी हुज्जत घालणारी मी, पुढच्या माणसाचा ट्रे सरकला की दचकत होते. बोचकं पट्ट्यावर ठेवलं. आत गेलं. पट्टा थांबला.

या वेळी बाई होती. तिनं गाठ सोडली, खिळा दोन बोटांत धरून विचारलं, "ये किसलिए?"

मामा, मी म्हटलं, "घर का रिवाज है।" ज्या वाक्याशी मी कॉलेजपासून भांडत आले ते माझ्या तोंडातून असं निघालं, जसं काही मी तेच पाठ करून आले होते. तिनं खिळा डब्यात टाकला. टण्‌ असा आवाज आला. चटणीही घेतली, भुकटी चालणार नाही म्हणाली. मागच्या वेळी चालली होती हे मी बोलले, तर तिनं नुसतं मागच्या लोकांकडं बोट दाखवलं. मग पाला उचलला आणि पिशवी उजेडात धरली.

तिनं साहेबाला हाक मारली. साहेब लवकर येईना. आमच्या विमानाची घोषणा झाली. ट्रे मागून येऊन एकमेकांवर आदळत होते. पाला राहिला तर मी काय घेऊन जाऊ, ती काय खाणार, आणि न खाता मी तिला कसं सांगू? हेच फिरून फिरून डोक्यात. मी काही ठरवलं नव्हतं. पिशवीत बोटं घातली, चिमूट काढली, आणि तुमच्यासारखी तोंडात टाकली.

आंबट. जीभ आखडली. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, कामं होती. तिथं डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. बाईनं विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, जिन्होंने सुखाया था वो नहीं रहे, उनकी बेटी के लिए है, उसको अभी मालूम नहीं। तुम्ही नाहीत हे मी पहिल्यांदा रडून सांगितलं ते एका अनोळखी बाईला, परक्या भाषेत.

 साहेब आला, त्यानं हुंगलं, मान हलवली. बाईनं पिशवी आत ठेवून गाठ मारून दिली. हातातलं यंत्र तिच्या कमरेला लटकत होतं. ते बोचक्यावरून फिरवा असं मी म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं का, हा वाद आपला उरलाच.

आणि आत गेले तर समोरच्या दुकानात चटण्या मांडलेल्या. लसणाची, शेंगदाण्याची, काचेच्या बरण्यांत, लाल फीत बांधून. म्हणजे आमच्या शेजारणीनं उखळात कुटली तर ती धोक्याची, आणि दुकानात फीत लावून आली की ती खाऊ. यावर पत्रक काढणार आहे. काढणारच.

बंगळुरात वैशू पलंगावर पडून होती. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. बोचकं बघून उठून बसली. मी गाठ सोडू दिली नाही, स्वयंपाकघरात घेऊन गेले. माझा स्वयंपाक तुम्हाला ठाऊक आहे. ती पलंगावरूनच ओरडत होती, पीठ आदी भाज, लसूण ठेच, पाणी बेतानं घाल, कागदावर लिहिण्याएवढं सोपं न्हाई ते. दाजी दारात उभे, रिक्षा सांगून ठेवलेली, डॉक्टरीणबाई दवाखान्यात थांबलेल्या. दाजींना वैशूकडं बघवत नव्हतं, म्हणून ते सारखं घड्याळाकडं बघत होते.

ती जेवली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, अगदी तुम्ही त्या जवानापुढं मिटले होते तसे. दुसरी भाकरी मागितली. मी वाढत होते आणि माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडं, पुढचा शब्द कुठला येतो त्याकडं. तिनं डाव्या हातानं बोचक्याचं रिकामं फडकं ओढलं, झटकलं. कोळसा पडला. तिनं पुन्हा झटकलं.

"खिळा शोधू लागलीस का? तो काढून घेतला," मी घाईनं म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खिळा कशाला असंल? बापू बिब्बा टाकणार हुता."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पहिल्या खेपेहून गावी गेल्यावर तुम्ही तिला फोन केला होता. मशिनीला लोखंड दिसतं, बिब्बा दिसत न्हाई, पुढच्या डावाला बिब्बाच टाकतो. मायला सांगू नको, ती म्हणंल रीत मोडली. अन् पुढारणीला तर मुळीच नको, ती बिब्ब्यावर पत्रक काढंल.

म्हणजे तुम्ही माझं ऐकलं होतं, मामा. तुमच्या पद्धतीनं. भीती ठेवली आणि लोखंड सोडलं. आणि याचं श्रेय मला मिळू नये याची चोख व्यवस्था केलीत. मला हसू आलं होतं. ते तोंडावर यायच्या आत वैशूनं विचारलं,

"बोचकं कुणी बांधलं?"

पुढचं सांगण्याआधी हे ऐका, म्हणजे तिकडं जीव टांगून बसू नका. डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलंय. रक्तदाब चढला होता, आता उतरलाय. लेकराचे ठोके मी स्वतः ऐकले, शेळ्या कोरडवाहूतून पळाव्यात तसे टपटप टपटप. मी तिच्या दवाखान्याच्या खोलीबाहेर बसून हे लिहून राहिले. भीती अजून गेलेली नाही. माझ्या पिशवीत काहीही ठेवलेलं नाही, ना खिळा ना बिब्बा. ठेवणारही नाही. पण तुम्ही विचारलं होतं की ते येईस्तोवर काय टाकू, त्याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तेवढा वाद तुम्ही जिंकलात असं समजा. तेवढाच.

तर तिनं विचारलं, बोचकं कुणी बांधलं.

"मामीनं," मी म्हटलं. वैशूचं बोचकं आजवर तुमच्याशिवाय कुणी बांधलं नव्हतं.

 तिनं दारातल्या दाजींकडं बघितलं, ते खाली बघत होते. माझ्याकडं बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. ताटात थोडी भाजी उरली होती. तिनं ती भाकरीच्या तुकड्यानं नीट एका जागी आणली आणि खाल्ली. सावकाश, चावून. मग ताटाला चिकटलेला पाला बोटानं निपटून घेतला. एक कण ठेवला नाही. भिंतीला धरून उठली आणि मोरीपाशी गेली.

नळ बराच वेळ चालू होता. तिचा हात धुऊन होईस्तोवर मी थांबले. मग सांगितलं.